दोन दातांमधली फट

देवगाव रंगारी
१२ एप्रिल २०२०

चि. रत्ना,

मामाचा आशीर्वाद. खिशात फोन असताना हा माणूस कागद कशाला खराब करतोय असं तुला वाटेल, म्हणून आधी तेच सांगतो. परवा तुझा फोन आला तेव्हा मी पाच मिनिटं बोललो आणि तू पाचही मिनिटं "काय मामा, काय मामा" एवढंच म्हणत होतीस. मग तुझ्या मामीनं फोन हिसकावला आणि मी काय म्हणालो ते तुला समजावून सांगितलं. त्यातलं निम्मं मी म्हणालोच नव्हतो. तोंडात एकही दात नाही, त्यामुळे शब्द बाहेर येईपर्यंत त्यांचा काला होतो. सातवीपर्यंत शिकलोय, अक्षर बरं आहे आणि लिहायला दात लागत नाहीत. राजेंद्रच्या पिकअपला पास मिळालाय. तो दिवसाआड मुकुंदवाडीच्या मंडईत भाजी आणतो, पत्र तुझ्या दारात देईल.

माझे राहिलेले नऊ डुगडुगते दात तू मार्चात काढलेस, दोन महिन्यांनी कवळी बसवू म्हणालीस, आणि पंधरा दिवसांत सगळा देशच बंद झाला. तुझा काही दोष नाही. हिरड्या भरल्या आहेत. पेज, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, सगळं मिळतं. तक्रार नाही.

अडचण एकच आहे. माझी शीळ गेली. पुढच्या दोन दातांच्या फटीतून मी शीळ घालायचो, ती ऐकली की पुढं चालणारी काळतोंडी मेंढी मान वर करायची आणि साठ मेंढरं तिच्या मागं चालू लागायची. आता मी फुंकतो ते मलाच ऐकू येत नाही. आपला पोरगा बिरू तोंडात बोटं घालून शिट्टी मारतो, पण ती काळतोंडीला ओळखीची नाही, ती ढुंकून बघत नाही. तेव्हा दात कधी बसतील ते कळव.

तुझा मामा,
खंडेराव


मुकुंदवाडी, औरंगाबाद
२० एप्रिल २०२०

मामा,

पाया पडते, लांबूनच, हल्लीच्या रीतीप्रमाणे. राजेंद्रभाऊंनी पत्र फाटकाला अडकवलं आणि रस्त्यापलीकडून हाक मारली. मी त्यावर सॅनिटायझर फवारला आणि तुमचं बरं अक्षर निळं होऊन वाहायला लागलं. कसंबसं उन्हात वाळवून वाचलं. पुढचं पत्र बॉलपेननं लिहा.

दवाखाना बंद आहे. आम्हा दातांच्या डॉक्टरांना फक्त अगदी तातडीचे पेशंट बघायला सांगितलंय. बाकीचे डॉक्टर पेशंटला मास्क लावा म्हणतात, मला मात्र मास्क काढा, तोंड उघडा म्हणावं लागतं. माझं मशीन चाललं की तोंडातल्या पाण्याचे तुषार उडतात आणि ते खोलीभर राहतात. म्हणून लोक मला फोनवर दाताचे फोटो पाठवतात. दात सोडून सगळं दिसतं त्यात, काल एकांनी पडजीभ पाठवली.

तुम्ही दिवसातून दोनदा मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भरा आणि बोटानं हिरड्या चोळा. जेवढ्या घट्ट होतील तेवढी कवळी चांगली बसेल. शीळ काय, दात बसले की आपोआप येईल. फार तर महिनाभर कळ काढा.

इथं सगळे मजेत आहेत. माझी काळजी करू नका.

तुमची,
रत्नमाला


देवगाव रंगारी
२४ मे २०२०

चि. रत्ना,

बॉलपेननं लिहितोय. महिना झाला, वर चार दिवस झाले. तुझा दवाखाना उघडत नाही आणि मला शहरात येऊ देत नाहीत, तेव्हा मीच वाट काढली. मार्चात दात काढायच्या आधी तू माझ्या तोंडात कसलासा लगदा दाबून माप घेतलं होतंस, ते मी नीट बघून ठेवलं होतं. बांधावरच्या बाभळीला मोहोळ होतं, त्याचं मेण आणलं, कोमट पाण्यात मऊ केलं, वरच्या हिरडीला दाबलं आणि शंभर आकडे मोजले. तुझी मामी शेजारी उभी राहून मला हसवत होती, म्हणून पहिली दोन मापं फुकट गेली. तिसरं एकदम झकास आलं. फडक्यात गुंडाळून राजेंद्रकडे दिलंय. यावरून दात करून त्याच पिकअपनं पाठवून दे, म्हणजे तुलाही धोका नाही आणि मलाही.

काळतोंडी अजून ऐकत नाही. बाकी ठीक.

तुझा मामा


मुकुंदवाडी
२ जून २०२०

मामा,

तुमचं माप पोचलं. राजेंद्रभाऊंनी ते गाडीत पुढच्या काचेपाशी ठेवलं होतं आणि मे महिन्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. फडकं उघडलं तर आत मेणाची एक गुळगुळीत वडी होती आणि तिला एक माशी चिकटली होती. मी दारातच बसून हसले. तुमचे जावई भारत मोबाईलवर शाळेचा वर्ग घेत होते, तो सोडून बघायला आले, काय झालं म्हणून. खरं सांगते, दीड महिन्यात मी पहिल्यांदा हसले.

मागच्या पत्रात सगळे मजेत आहेत असं लिहिलं, ते खोटं होतं. मामा, मला भीती वाटते. परवा एक बाई आल्या, गाल सुजून डोळा मिटला होता. नियमानं मी त्यांना बघायला हवं होतं. मी खिडकीच्या गजांतून गोळ्या दिल्या, मोठ्या दवाखान्यात जा म्हटलं आणि खिडकी लावून घेतली. नंतर हात धुतले ते किती वेळ धुतले मला माहीत नाही. माझ्याबरोबर शिकलेला एक जण आठ दिवस ऑक्सिजनवर आहे. त्यानं फक्त एक दाढ काढली होती. ज्या तोंडांकडे मी बारा वर्षं वाकून बघितलं त्यांच्यापासून आता मी वीतभरही जवळ जाऊ शकत नाही. तुमची भाची घाबरट निघाली.

मेण ठेवून घेतलंय.

रत्ना


देवगाव रंगारी
९ जून २०२०

चि. रत्ना,

घाबरलीस तर घाबर, त्यात काय. साथ आहे, घाबरायचं नाही तर काय नाचायचं? ती बाई दुसरीकडे गेली असेल, बरी झाली असेल. तू तुझ्या लेकरात आणि माणसांत नीट राहा, एवढंच मला पाहिजे.

तुला आठवतं का, सहा वर्षांची होतीस. दात हलत होता आणि तू कुणाला हात लावू देत नव्हतीस. माझी बहीण, म्हणजे तुझी आई, थकली. मग मी लोकरीचा धागा घेतला, एक टोक तुझ्या दाताला बांधलं आणि दुसरं कोकराच्या पायाला. कोकरू पळालं, दात गेला. तू रडली नाहीस. तोंडातून रक्त येतंय आणि तू विचारतेस, "मामा, त्याच्या पायाला लागलं का?" मी तेव्हाच बहिणीला म्हणालो होतो, हिला डॉक्टर कर. म्हणजे तुझा पहिला दात मी काढला आणि माझे शेवटचे तू काढलेस. आपली फिटंफाट झाली.

दाताची घाई नाही. खिचडीला आता चव यायला लागलीय.

तुझा मामा


मुकुंदवाडी
१० ऑगस्ट २०२०

मामा,

दवाखाना उघडतेय. खोलीला नवा पंखा बसवलाय, आतली हवा ओढून बाहेर टाकणारा. दिवसाला तीनच पेशंट. अंगावर पांढरं किट, दोन मास्क, वर प्लास्टिकची ढाल. पाच मिनिटांत आतून पावसात भिजल्यासारखी होते, आणि बाहेरचं बोलणं नीट ऐकू येत नाही. पण तुमचं काम तेवढं माझ्या हातून पूर्ण व्हायलाच हवं. बाकीचं पुढचं पुढे बघू.

चार वेळा यावं लागेल. पहिल्यांदा माप, मग जबडे कसे मिटतात त्याचं, म्हणजे चाव्याचं माप, मग मेणात लावलेले दात घालून बघायचे आणि शेवटी कवळी. राजेंद्रभाऊंशी बोलले आहे. गाडीत पुढं बसा, काच उघडी ठेवा, मास्क नाकावर. मामींना आणू नका, त्यांनी हसवलं तर माप बिघडतं हे सिद्ध झालंय.

रत्ना


देवगाव रंगारी
२० सप्टेंबर २०२०

चि. रत्ना,

दात बसून आठवडा झाला, म्हणून मुद्दाम कळवतो. पहिल्या दिवशी तुझ्या दारात पोचलो तेव्हा आत पांढऱ्या पिशवीत कुणीतरी उभं होतं. मी परत फिरणार होतो. मग तू माझी हनुवटी धरलीस आणि मी हात ओळखला. तू लहानपणी कोकरांच्या हनुवटीला असाच हात लावायचीस.

दात म्हणजे काय सांगू. सरळ, पांढरे, एकाला एक लागून. मंदिरापाशी बसणारी मंडळी मला नवरदेव म्हणतात. भाकरी खातो, शेंगा खातो, परवा हरभरे फोडून खाल्ले. बोलणं स्वच्छ झालं. शीळ तर पहिल्यापेक्षा जोरात वाजते, काळतोंडी पळतच येते. एवढं चांगलं काम मी अजून कुणाचं बघितलं नाही. अशा हातानं काम करायचं सोडू नये, असं आपलं मला वाटतं. सहज लिहिलं.

तुझा मामा


मुकुंदवाडी
४ ऑक्टोबर २०२०

मामा,

तुमचं पत्र मी दवाखान्यातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. पण तुम्हाला फसवून ते ठेवणं बरोबर नाही, म्हणून सांगते. मी दवाखाना बंद करतेय. पुण्याच्या एका विमा कंपनीत काम मिळतंय. घरी बसून कॉम्प्युटरवर दातांच्या उपचारांचे कागद तपासायचे, कुणाच्या तोंडात बघायचं नाही. या महिन्याच्या अखेरीला होकार कळवायचा, दिवाळीनंतर रुजू व्हायचं. तुमची कवळी माझं शेवटचं काम, असं मी जुलैतच ठरवलं होतं. ते चांगलं झालं याचं समाधान मला पुष्कळ आहे.

एक हट्ट पुरवा. बिरूच्या फोनवर तुमची शीळ रेकॉर्ड करून पाठवा. शेवटच्या कामाची तेवढी आठवण मला ठेवायची आहे. दुसरं काही नको.

रत्ना


देवगाव रंगारी
१२ ऑक्टोबर

रत्ना,

लिहितो बिरू, सांगते कस्तुराबाई. तुझ्या मामाला ठाव नाय.

तुझ्या फोनवर जी शिट्टी आली ती मामाची नाय. ती या बिरूची हाय. तुझ्या मामानं त्याला गोठ्यामागं नेऊन मारायला लावली, अन् सोता तोंडापुढं हात धरून उभा राह्यला, जसं काय फोनात दिसतंय.

दात लई देखणे हायेत, अन् भाकरी खातो ते बी खरं. पण त्यातनं शिट्टी निघत नाय. रोज सकाळी बंधाऱ्याकडं एकटा जातो अन् फू फू करतो. काळतोंडी एकडाव बघती अन् पुन्हा चरती. मागल्या सोमवारी मेंढरं कडुबाच्या तुरीत शिरली. ह्यांनी लई आवाज दिला, एकबी फिरलं नाय. कडुबा चांगला माणूस, भांडला नाय. म्हणला, खंडेराव, झालं आता, मेंढरं ईका अन् घरी बसा. परवा तर गिऱ्हाईक बघायला सांगितलं बिरूला.

मी म्हणलं, रत्नाला सांगा, ती दात नीट करून दील. तर मला म्हणला, "तिच्या दवाखान्यात कपाटं रिकामी अन् खोकी बांधलेली मी माझ्या डोळ्यानं बघितली. माझे दात चुकले असं तिला कळलं, तर ती पुन्हा पक्कड हातात धरायची नाय. मेंढरं गेली तर जाऊ दे."

आता मला सांग, असल्या माणसाचं काय करावं. तू शिकलेली हायेस, तूच ठरव.

तुझी मामी

(ताई, मी लिहिणार नव्हतो, आईनं लिहायला लावलं. शिट्टीचंही मला माफ कर. बिरू)


मुकुंदवाडी
१७ ऑक्टोबर २०२०

मामा,

मामींनी सगळं कळवलंय. त्यांच्यावर रागावलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही.

तुमच्यावर मी आधी खूप रागावले. मग दवाखान्यात गेले आणि तो राग माझ्याकडेच आला. मार्चमध्ये तुमचे दात काढण्याआधी मी लगद्यानं माप घेतलं होतं ना, त्यावरून प्लास्टरचा साचा केला होता. नवे दात जुन्यासारखे लावता यावेत म्हणून तो करतातच. कवळी करताना तो समोर ठेवायचा असतो, पहिल्या वर्षाच्या मुलांनाही हे माहीत असतं. मी तो बघितलाच नाही, कारण तो खोक्यात होता. ते खोकं मी जुलैत माझ्या हातानं बांधलं होतं आणि बांधलेलं मला सोडायचं नव्हतं. लॅबला फोनवर सांगितलं, दात एकाला एक लागून सरळ लावा. मामा सुंदर दिसायला हवेत एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मेणातले दात घालून बघितले तेव्हा तुम्ही आरशात बघून पुढच्या दोन दातांवर बोट ठेवलंत. ते मला आठवतं. मी विचारायला हवं होतं. पण ढालीवर वाफ धरली होती, एका पेशंटला ठरवलेली पंधरा मिनिटं होऊन गेली होती, तुम्हाला लवकर बाहेर काढायचं होतं. मी छान म्हणून मान हलवली आणि मेण काढून घेतलं. त्याआधी तुम्ही पहिल्याच पत्रात शिळेचं लिहिलं होतं आणि मी ते हसून सोडून दिलं. बारा वर्षं मी दात बघितले मामा, पण त्या दातांनी माणूस काय करतो हे कधी विचारलं नाही. साथीनं मला लांब उभं केलं हे खरं आहे, पण कोकराच्या पायाला लागलं का, हे विचारणं मी त्याच्या आधीच सोडलं होतं.

आज खोकं सोडलं. साचा वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, धडधाकट. फट मोजली, दोन मिलिमीटरला किंचित कमी. वरची कवळी नव्यानं करतेय, तेवढ्याच फटीची. साचा काढताना त्याच्याखालचे तोंडात बघायचे छोटे आरसेही बाहेर आले, म्हणून तेही पुसून कपाटात ठेवले. त्याचा काही अर्थ काढू नका, अजून मी काही ठरवलेलं नाही. मंगळवारी मापाला या. आणि मेंढरांचं गिऱ्हाईक परत पाठवा, तेवढी कळ काढा.

मी तुमच्यावर फार माया करते. हे फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्राचा फायदा घेऊन लिहिते.

रत्ना


देवगाव रंगारी
२९ ऑक्टोबर २०२०

चि. रत्ना,

काल कवळी बसवल्यावर तू मला दवाखान्यात फुंकू दिलं नाहीस. रस्त्यावर जाऊन मास्क खाली करतो म्हणालो तर डोळे वटारलेस. ढालीतूनही ते चांगले वटारलेले दिसतात. मग पिकअपमध्ये साऱ्या वाटेनं मी ओठ दाबून बसलो. राजेंद्रला वाटलं, दुखतंय.

गावाच्या अलीकडं मक्याचं रान मोकळं झालंय, तिथं मेंढरं बसवली होती. मी रस्त्यावरच उतरलो. राजेंद्रची गाडी पुढं जाऊ दिली, न जमलं तर कुणी बघू नये म्हणून. पहिल्यांदा फुंकलं तर नुसती थुंकी उडाली. दुसऱ्यांदा हवा. मी म्हटलं, जाऊ दे, भाकरी तर खाता येते. तिसऱ्यांदा जीभ नेहमीच्या जागी टेकली आणि शीळ निघाली.

काळतोंडीनं मान वर केली. तोंडात मक्याचं पान तसंच होतं. तिनं आधी बिरूकडं बघितलं, मग रस्त्याकडं. मग निघाली. रत्ना, साठच्या साठ आली. मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो, लिहायला मला लाज वाटत नाही. तुझी मामी तिकडून ओरडली, "आता रडता कशाला, पुन्हा वाजवा की." मी पुन्हा वाजवली. कडुबा त्याच्या बांधावरून बघत होता. गिऱ्हाइकाला बिरूनं आज सकाळीच नकार कळवला.

तू कंपनीला काय कळवायचं ते तुझं तू ठरव. मी त्यात बोलणार नाही, मागं एकदा सहज म्हणून लिहिलं ते चुकलंच. फक्त आपल्या शेजारच्या कचरूची एक अडचण आहे. त्याची दाढ महिनाभर ठणकतेय. गावात माझे दात बघून तो तुझं नाव घेऊन बसलाय, दुसरीकडं जात नाही. मंगळवारी राजेंद्रबरोबर पाठवू म्हणतो. कागद तपासायच्या नोकरीत दाढ काढता येते का, तेवढं कळव, म्हणजे त्याला तसं सांगता येईल.

तुझा मामा,
खंडेराव


मुकुंदवाडी
३० ऑक्टोबर २०२०

मामा,

मंगळवारी दहा वाजता पाठवा. पोटभर खाऊन यावं आणि मास्क नाकावर असावा. पुण्याला आज सकाळी मी नकार कळवला. भीती अजून वाटते, पण ती किटच्या आत राहते आणि हात बाहेर काम करतात.

कचरूकाकांना सांगून ठेवा, वेळ लागेल. दाढेला हात लावायच्या आधी त्या दाढेनं ते काय काय करतात, ते सगळं मी विचारणार आहे.

रत्ना